यादी का दाखवत नाही? एका जुन्या देणगीदाराच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. खाली तुम्ही फक्त ‘एक जुना देणगीदार’ एवढंच लिहिलं आहे. देणगीची रक्कम आणि वर्ष मात्र दिलं आहे, आणि आमची पावत्यांची वही माझ्याच ताब्यात असते. मनात आणलं असतं तर दोन मिनिटांत तुमचं नाव कळलं असतं. मी वही उघडली नाही. पावती फाडताना तुम्ही नाव दिलंत ते पावतीसाठी दिलंत.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही चार जण मिळून एक छोटा न्यास चालवतो. तालुक्यातल्या टीबीच्या रुग्णांना औषधाचा कोर्स संपेपर्यंत दर महिन्याला शिध्याची पिशवी देतो : तीन किलो ज्वारी-तांदूळ, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, किलोभर शेंगदाणे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ ही टीबीच्या रुग्णांना मदत करणाऱ्या व्यक्ती-संस्थांना जोडणारी सरकारी योजना सुरू झाली आणि त्याच हिवाळ्यात आम्ही नाव नोंदवलं. लेखात मी लिहिलं होतं की रुग्णांची नावं आणि फोटो आम्ही आता कुठेही टाकत नाही, कागद कुलपात ठेवतो, आणि त्यासाठी एक लोखंडी कपाट आणि छोटा प्रिंटर घेतला.

त्यावर तुम्ही म्हणता की नावं नाहीत, फोटो नाहीत, मग पैसा खऱ्या रुग्णापर्यंत पोचला हे आम्ही कशावरून मानायचं? चार माणसांच्या संस्थेला कपाट-प्रिंटरवर चौदा हजार घालवायची गरज काय, त्यात वीस पिशव्या आल्या असत्या. कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. आमच्याकडून पॅन बिनदिक्कत मागता आणि रुग्णांची मात्र एवढी राखण! आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की त्याच लेखात मी जिच्याबद्दल लिहिलं ती बाई कोण, हे नाव नसतानाही तुम्हाला ओळखता आलं.

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी चुकले आहे.

मी नाव लिहिलं नव्हतं, पण काम लिहिलं होतं, मुलं किती ते लिहिलं होतं, आणि कोणत्या बाजूच्या गावातली ते लिहिलं होतं. शहरात एवढ्यावरून कोणी सापडणार नाही. आमच्याकडे हजार-बाराशे वस्तीचं गाव असतं. तिथे ‘अमुक काम करणारी, तीन मुलांची आई’ म्हटलं की चौथं वाक्य वाचायची गरजच पडत नाही. नाव गाळलं म्हणजे ओळख गाळली असं मी धरून चालले. तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच तो परिच्छेद काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन झालं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण बराच वेळ गप्प बसल्या होत्या, आणि ते मला जास्त लागलं. आता खाली जी हकिगत सांगणार आहे ती दुसऱ्या एका रुग्णाची आहे. त्यांना आधी वाचून दाखवली आहे आणि ओळख पटेल असे तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले आहेत.

जानेवारी २०२३. आमचं पहिलं वाटप. मागे ‘क्षयरोगमुक्त तालुका’ असा फलक, पुढे अकरा रुग्ण हातात पिशव्या धरून उभे, बाजूला आम्ही. फोटो मीच काढायला लावला. देणगीदारांना पाठवायचा म्हणून ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो तिथून निघून तीन गावांच्या ग्रुपवर गेला होता. त्या अकरांतल्या एक बाई एका खाणावळीत पोळ्या लाटायला जात. दोन दिवसांनी मालकानं सांगितलं, आता नको येऊ. त्यांच्या औषधाचा चौथा महिना चालू होता. नियमित औषधं सुरू झाली की काही आठवड्यांतच इतरांना लागण होण्याचा धोका अगदी कमी होतो. म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबानं त्यांनी काम सोडायचं काही कारण नव्हतं. काम गेलं ते फोटोमुळे. पुढच्या महिन्यात त्या पिशवी न्यायला आल्याच नाहीत. मी घरी गेले तर दार अर्धंच उघडून म्हणाल्या, “ताई, शिधा नको. माझं नाव तेवढं काढा.”

नाव कुठून काढणार होते मी? आमच्या ग्रुपवरून फोटो पुसला. बाकीच्या मोबाइलमध्ये तो आजही असेल.

योजनेत रुग्णानं होकार दिला असेल तरच त्याचं नाव आमच्यासारख्या मित्राकडे येतं. त्या अकरा जणांनी तसा होकार दिलेला होता, पण तो शिध्याला होता. पिशवी पुढ्यात असताना “फोटो काढू का?” असं विचारलं तर नको म्हणायची हिंमत कोणाला होणार? आता आमच्याकडे दोन वेगळे कागद आहेत. एक शिध्याचा. त्यावर कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, कोण बघणार आणि कधी फाडणार हे मराठीत लिहिलं आहे. वाचता येत नसेल तर आम्ही वाचून दाखवतो, मगच सही किंवा अंगठा. दुसरा कागद फोटोचा. तो पिशवी दिल्यानंतर, दुसऱ्या कोणत्या तरी दिवशी विचारतो. गेल्या दोन वर्षांत त्यावर एकच सही झाली आहे. त्या आजोबांना आपला फोटो हवा होता, कारण त्यांचं वजन नऊ किलोनं वाढलं होतं.

आता पैशाच्या हिशोबाकडे येते. पैसा कुठे गेला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि तो अधिकार वापरलात याचं मला बरं वाटलं. पण त्याचं उत्तर रुग्णाच्या चेहऱ्यात शोधू नका. फोटोतला माणूस खरंच रुग्ण आहे की फोटोपुरता उभा केलेला, हे तुम्हाला फोटोवरून कळत नाही. हिशोबात ते पकडता येतं. किराणा दुकानाची बिलं आहेत, त्यावर किती किलो काय घेतलं ते आहे. पिशव्यांची वही आहे, तिच्यात नावाऐवजी क्रमांक, तारीख आणि सही किंवा अंगठा. क्रमांक कोणाचा हे सांगणारी यादी वेगळी, कुलपात. आमचे सीए दरवर्षी दोन्ही समोर ठेवून पडताळतात, आणि त्यांना नावं दिसतात, कारण ते त्यांचं काम आहे. रुग्ण खरा आहे का, त्याचं औषध चालू आहे का, हे आरोग्य केंद्रातल्या नोंदीशी जुळवलं जातं. ती नोंद आमच्या हातात नसते, त्यामुळे आम्ही खोटा रुग्ण घुसवू म्हटलं तरी तो तिथे अडकेल. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि जमाखर्च महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. तो तुम्हालाही देईन, बिलांच्या प्रतींसकट.

पॅनचं म्हणाल, तर ते आम्ही कुतूहलानं मागत नाही. तुम्हाला ८०जी खाली करात वजावट हवी असते. त्यासाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेनं देणगीदारांचं विवरण, म्हणजे ‘१० बीडी’, ३१ मे पर्यंत आयकर खात्याकडे भरायचं आणि त्यावरून तुम्हाला प्रमाणपत्र द्यायचं, अशी पद्धत आली. त्या विवरणात ओळख क्रमांक लागतो. पॅन मिळालं की आम्हाला आधार नको असतं, तरी निम्मे लोक दोन्ही पाठवतात.

राखण मात्र तुमच्या कागदांचीही तेवढीच करायला हवी होती, आणि ती आम्ही आधी करत नव्हतो. लोक पॅनकार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तो आमच्या खजिनदारांच्या मोबाइलच्या गॅलरीत जाऊन बसतो. गॅलरीतून आपोआप बॅकअपमध्ये चढतो. खजिनदारांचा मोबाइल त्यांचा नातू गेम खेळायला घेतो. जुना मोबाइल बदलताना दुकानात दिला तेव्हा त्यात एकशे चाळीसच्या वर लोकांची कार्डं होती. सुदैवानं आठवण झाली आणि ते परत जाऊन पुसून आले. त्या दिवसापासून आम्ही फोटो घेत नाही. क्रमांक फोनवर सांगा, आम्ही तो थेट पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये लिहितो. आधार आलंच तर उघडूनही बघत नाही, पुसतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ज्यांना कुठे द्यावंच लागतं त्यांना आम्ही मास्क्ड आधार काढायला शिकवतो. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात.

प्रिंटरचं कारणही असंच साधं आहे. त्याआधी आम्ही रुग्णांची यादी झेरॉक्सच्या दुकानात छापून आणायचो. म्हणजे काय करायचो, तर दुकानदाराच्या नंबरवर फाइल पाठवायची, तो त्याच्या कॉम्प्युटरवर उघडणार, छापून देणार. फाइल त्याच्या डाउनलोड्समध्ये तशीच. दुकान बसस्टँडसमोर. गावातले सगळे तिथे येतात. चौतीस टीबी रुग्णांची नावं, पत्ते आणि फोन नंबर आम्ही स्वतः नेऊन तिथे ठेवत होतो, दर महिन्याला. दुकानदार भला माणूस आहे, त्यानं कधी काही केलं नसेल. पण त्याच्या भलेपणावर रुग्णांचं नाव टांगून ठेवायचा अधिकार मला कोणी दिला होता? वीस पिशव्यांचा तुमचा हिशोब खरा आहे. सातशेला एक धरली तर वीसच होतात. तो खर्च रुग्णांच्या शिध्यातून जाऊ नये म्हणून आम्ही चौघांनी तो वाटून घेतला. हे लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं.

माहिती कमी घेणं हाच आमचा सगळ्यात स्वस्त उपाय ठरला. पूर्वी अर्ज दोन पानांचा होता. जात, उत्पन्न, बँकेचं पासबुक, आधार, रेशनकार्ड. दुसऱ्या एका संस्थेचा नमुना आम्ही जसाच्या तसा उचलला होता. एका बैठकीत प्रत्येक रकान्यापुढे ‘हे कशाला?’ असं लिहायचं ठरवलं. बँक खातं कशाला? सरकार निक्षय पोषण योजनेचे पैसे थेट खात्यात देतं, २०१८ पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००. आम्ही तर पिशवी देतो. गेला रकाना. जात कशाला? कोणालाच सांगता आलं नाही. उरलं ते एवढंच : नाव, फोन, पिशवी कुठे घेणार, घरात खाणारी माणसं किती, आणि महिन्याचं वजन. ‘कुठे घेणार’ हा रकाना आम्ही नव्यानं घातला. काहींना पिशवी घरी नको असते, शेजारी बघतात. एक जण ती दूध डेअरीवर घेतो, एक ताई माहेरच्या गावात.

कोर्स संपला की तीन महिन्यांनी पत्ता आणि फोन फाडतो. क्रमांक, तारखा आणि पिशव्यांची संख्या हिशोबासाठी राहते.

आमच्याकडे न मागता आलेली माहिती हाही एक प्रश्न असतो. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही तपासणी होते. एकदा एका ठिकाणाहून आम्हाला यादीची झेरॉक्स मिळाली, त्यात तो रकाना तसाच होता. देणाऱ्यानं घाईत पूर्ण पान छापलं होतं, एवढंच. पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ती माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे. आम्ही ते पान त्याच दिवशी परत नेऊन दिलं आणि फक्त तीन रकान्यांचं मागून घेतलं. माझ्या नजरेला मात्र ते पडलं होतंच. त्या दोन माणसांशी बोलताना आजही मला जपून बोलावं लागतं.

राहिला कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. फक्त कागदावर राहिलेल्या नोंदी त्यात येत नाहीत, पण त्या संगणकात चढवल्या की येतात. आमची फाइल संगणकात आहे. संस्था लहान म्हणून आपोआप सुटका होते असं त्यात नाही. मुदत संपायची वाट बघत बसावं असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर खाणावळीची गोष्ट घडली तेव्हा हा कायदा झालाही नव्हता.

तुम्हाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला पिशव्या भरायला या. बिलं, वजनकाटा आणि क्रमांकांची वही टेबलावर असते. वाटपाच्या वेळी मात्र तुम्हाला थांबता येणार नाही. आम्हीही एका वेळी एकच जण थांबतो.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या प्रतिक्रियेत तुम्ही त्या बाईंच्या गावाचं नाव लिहिलं होतं. तेवढा एक शब्द मी काढला आहे. बाकी प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे.