लाल बावट्याशेजारी भरती-ओहोटीचा फळाही हवा

समुद्रात कोणी बुडालं की आपल्याकडे लगेच म्हणतात, "भरती होती, पाण्याने ओढून नेलं." मला हे ऐकवत नाही. भरतीचं पाणी किनाऱ्याकडे चढतं. माणसाला आत नेतो तो वेगळाच प्रवाह, आणि तो ओळखता येतो.

भरतीचं गणित आपल्या वाडवडिलांना तोंडपाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो, भरतीही तशीच मागे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, म्हणून भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, याच हिशेबावर उभी आहे. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात नि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडतात. कोणी हात लावावा लागत नाही.

लाटेचं तसं नाही. लाट वाऱ्याची लेक. तोही इथलाच वारा असेल असं नाही. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला झालेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. म्हणून आभाळ निरभ्र, झाडाचं पान हलत नाही, तरी समुद्र खवळलेला, असं होतं. खोल पाण्यात लाट पुढे जाते, पाणी जवळपास जागच्या जागी फिरतं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे तरंगणारी करवंटी बघा, वरखाली होत बराच वेळ तिथेच असते. उथळ जागी लाट फुटली की मात्र पाणी खरोखर किनाऱ्याकडे ढकललं जातं.

ते साचलेलं पाणी परत जाणार कुठून? वाळूच्या दांड्यात जिथे खिंड असेल तिथून, एकवटून, जोरात. हाच रिप करंट. गोव्यात केरी किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर जरा उंचावर उभं राहून पाहा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, सपाट पट्टा, त्यातून फेस आणि गढूळ वाळू आत चाललेली. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. आणि नेमका तोच पट्टा शांत वाटतो म्हणून पाहुणे लेकराबाळांना घेऊन तिथेच उतरतात! ओहोटीला पाणी खिंडीतच एकवटतं, तेव्हा हा ओढा बऱ्याचदा जास्तच जोर धरतो. म्हणजे "ओहोटी आहे, काही भीती नाही" हा समज जीवघेणा.

सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, निष्णात पोहणाराही तिथे दमतो. हा प्रवाह खाली खेचत नाही, फक्त आत नेतो. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि लाटा फुटतायत तिथून परत या.

जीवरक्षक बावटे लावतात, जीव तोडून शिट्ट्या मारतात. पण बावटा कारण सांगत नाही, आणि कारण कळल्याशिवाय माणूस ऐकत नाही, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्याच्या प्रत्येक वाटेवर एक फळा हवा: आजची भरती, आजची ओहोटी, आणि आज खिंड कुठे आहे त्याचा बाण. वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात छापून येतात, बाण जीवरक्षकाने काढायचा. खर्च खडूचा. येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे, वाड्यावरच्यांनी जरूर यावं.