काही निघालं का?

सोनोग्राफीची वेळ सकाळी साडेसातची. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, वर लिटरभर पाणी ढोसून ते धरून ठेवायचं. सव्वानऊ वाजले तरी माझा नंबर नाही. खुर्च्यांच्या रांगेत चिडीचूप शांतता, आणि त्या शांततेत माझं पोट बोललं. साधंसुधं गुरगुरणं नव्हे, लाकडी पुलावरून बैलगाडी जावी तसं लांबलचक.

शेजारचे काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "कोणाचा तरी मोबाईल व्हायब्रेट होतोय."

समोरच्या बाईंनी पर्स उघडून पाहिली. दोघातिघांनी खिसे चाचपले. मीही, निर्लज्जपणे, माझा चाचपला. बैलगाडी परत निघाली.

"अहो, घ्या ना उचलून. महत्त्वाचा असेल."

"काका, मोबाईल नाही. पोट आहे."

अख्खी रांग माझ्याकडे वळली. "गॅस," काकांनी निकाल दिला. "ओवा घेत जा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण उपाशी माणसाला अब्रूपेक्षा मुद्दा प्यारा असतो. मी सांगू लागलो, की पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते. मोटिलिन नावाचं हार्मोन तिला चालना देतं. हा आवाज म्हणजे झाडलोट आहे.

"दर दीड तासाला? न चुकता?" काका पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वळले. "आमची बाई आठवड्यातून चार दिवस येते. हिला देता काय तुम्ही?"

"काही नाही. उलट, काही खाल्लं की ती काम थांबवते."

"म्हणजे पाहुणे आले की दांडी! आमचीच ती."

एवढं बोलून त्यांनी पिशवीतून डबा काढला. तपासणी काकूंची होती, काका नुसते सोबतीला. डब्यात साबुदाणा वडे. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "आज संकष्टी ना. माझाही उपासच आहे."

उपाशी आणि उपासाचा यांतला फरक इतक्या जवळून मी कधी पाहिला नव्हता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ही रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हची घंटा सगळ्यांना माहीत असते, पण 1904 सालचं त्याचं नोबेल पचनावरच्या कामाला होतं. अन्न नुसतं दिसलं तरी कुत्र्याच्या जठरात रस सुटतो, हे त्याने दाखवलं होतं. माझ्या बाबतीत शेंगदाण्याच्या चटणीचा वास पुरला. शिवाय घ्रेलिन आहेच. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोधलेलं हे भुकेचं हार्मोन मुख्यतः जठरातच तयार होतं आणि रोजच्या जेवणाच्या वेळेआधी वाढतं. नऊला नाश्ता करणाऱ्याचं नऊला वाढणार. त्याला काय माहीत, साहेब लाइनीत आहेत.

अमेरिकेत 1822 मध्ये बंदुकीचा बार लागून एका माणसाच्या पोटाला कायमचं भोक राहिलं. लष्करी डॉक्टर बोमाँट यांनी त्यातून वर्षानुवर्षं जठरात डोकावून पाहिलं. माणूस चिडला की पचन बिघडतं, हे त्यांना तिथे दिसलं. मला भोक नाही, पण काका तिसरा वडा उचलत होते तेव्हा आतलं दृश्य मला स्पष्ट दिसत होतं.

आणि हेच मी तीन वर्षं सांगतोय. मीटिंग आली की पोट मुरडतं, प्रवास ठरला की पोट मुरडतं. रिपोर्ट नॉर्मल. मग प्रत्येक जण तेच सुनावतो: मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका. अहो, आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी आहेत. मूडशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन, शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, पोटात आहे. मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हचे बहुतेक तंतू, सुमारे ऐंशी टक्के, खालून वर निरोप नेतात. म्हणजे पोट सांगतं जास्त, ऐकून घेतं कमी. त्याला "टेन्शन घेऊ नकोस" कोणी आणि कसं सांगायचं? पाय मोडला तर सुट्टी मिळते, वर प्लॅस्टरवर सह्याही मिळतात. पोटाच्या नसा हुळहुळ्या झाल्या तर ओवा मिळतो. आणि त्या नसांची कुरकुर सोनोग्राफीत उमटतच नाही. तिथे यकृताचा फोटो निघतो, पित्ताशयाचा निघतो. त्यांची काही तक्रार नव्हतीच.

पावणेदहाला आत गेलो, दहा मिनिटांत बाहेर आलो. काकू आपला रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. काका डबा पुसत होते.

"काय हो, काही निघालं का?"

"काही नाही. सगळं नॉर्मल."

"बघा!" काका काकूंकडे वळले. "मी म्हटलं नव्हतं? मोबाईलच असणार."