ज्येष्ठमधाचा काढा आणि मावशीच्या न घेतलेल्या गोळ्या

‘बीपीच्या गोळ्या आजच बंद करा, हा काढा 21 दिवस घ्या, बीपी मुळापासून जाईल.’ हा मेसेज माझ्याकडे तीनदा आला, तीनदा पुसला. परवा मावशीकडे गेले तर गोळ्यांची अख्खी स्ट्रिप डब्यात तशीच. मशीन लावलं, 178/104. ‘अगं, मला काही होत नाहीये,’ ती म्हणाली. आता गप्प बसवत नाही.

आधी काढाच बघा. त्यात पहिलंच नाव ज्येष्ठमधाचं. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं! त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडतं, कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक तिथे मोकाट सुटतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. घसा बसल्यावर एखादी काडी चघळणं वेगळं आणि बीपीच्या माणसाने दोन वेळा काढा पिणं वेगळं. वर गोळी बंद. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने लोकांना औषधं सांगूच नयेत.

असेच आणखी काही समज ऐकू येतात. ‘त्रास नाही म्हणजे बीपी नाही.’ बहुतेकांना त्रास होतच नाही. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, हृदय आतून झिजत राहतात.

‘वय अधिक 100 एवढं वरचं बीपी नॉर्मल.’ म्हणजे ऐंशीच्या आजोबांचं 180 चालेल? 2008 साली ‘हायव्हेट’ चाचणीचे निष्कर्ष आले. 80 वर्षं आणि त्यापुढचे 3845 जण, सगळ्यांचं वरचं बीपी 160 किंवा जास्त. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला गोळ्या. खऱ्या गोळ्यांच्या गटात मृत्यू 21 टक्क्यांनी कमी झाले. ऐंशीनंतरही गोळीने माणसं वाचतात, तर मावशी अजून सत्तरीचीही नाही.

सैंधव मीठ चालतं म्हणे? तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. गोळ्यांनी किडनी जाते म्हणे. काही गोळ्या सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासावं लागतं हे खरं, पण किडनी खराब करतं ते मोकळं सोडलेलं बीपी.

एक मान्य करते. सर्पगंधेने बीपी उतरतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ते ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, पुढे तिच्यातून रेसर्पिन हे बीपीचं औषध निघालं. पण त्याने काहींना गंभीर नैराश्यही आलं. म्हणजे तेही औषधच, मोजून आणि देखरेखीखाली घ्यायचं. मीठ कमी करणं, चालणं, वजन उतरवणं, संथ श्वसन यांनीही बीपी थोडं खाली येतं. ते गोळीच्या जोडीला करा. गोळी कमी करायची का, ते डॉक्टर आकडे बघून ठरवतील. बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिन यांसारखं बीपीचं औषध एकदम थांबवलं तर बीपी उसळतं.

त्याच संध्याकाळी मावशीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. गोळी पुन्हा सुरू झाली. सकाळ-संध्याकाळचे आकडे ती वहीत लिहितेय, काल 146/88 होतं.