क्रमांक 1393

नाझी मृत्युछावणीत पहारेकरी असल्याच्या आरोपावरून खटले चाललेल्या जॉन डेमयान्युकचं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘तो तर निर्दोष सुटला ना?’ सुटला खरा. पण कोणत्या आरोपातून सुटला, तिथेच सगळी मेख आहे.

मूळचा युक्रेनचा इव्हान. लाल सैन्यातला शिपाई, मे 1942 मध्ये केर्चला जर्मनांच्या हाती लागला. 1952 मध्ये अमेरिकेत पोचला, 1958 मध्ये नागरिक झाला, इव्हानचा जॉन झाला आणि क्लीव्हलंडला फोर्डच्या कारखान्यात नोकरीला लागला. व्हिसाच्या अर्जात युद्धाआधीपासूनचं वास्तव्य म्हणून त्याने स्वतःच सोबिबोरचं नाव दिलं होतं! पोलंडमधल्या त्या आडगावातल्या छावणीत किमान 1,67,000 माणसं मारली गेली.

1976 मध्ये इस्रायली तपासनीसांनी त्याचा 1951 चा व्हिसावरचा फोटो इतर फोटोंसोबत ट्रेब्लिंका छावणीतून वाचलेल्यांना दाखवला. ट्रेब्लिंका, म्हणजे वेगळीच छावणी. काहींनी ओळखलं: हाच तिथल्या गॅस चेंबरवरचा क्रूर पहारेकरी, ‘इव्हान द टेरिबल’. ओळख परेडचा साधा दंडक असतो, संशयित इतरांत मिसळून गेला पाहिजे. इथे त्याचा फोटो बाकीच्यांपेक्षा मोठा आणि स्पष्ट होता. शिवाय मध्ये तेहतीस वर्षं गेलेली. साक्षीदार खोटं बोलत नव्हते, दाखवण्याची पद्धतच चुकीची होती. त्यावर 1988 मध्ये इस्रायलमध्ये फाशी सुनावली गेली. पुढे सोव्हिएत दप्तरांतून ट्रेब्लिंकाच्याच पहारेकऱ्यांचे जबाब मिळाले, त्यांत ‘इव्हान द टेरिबल’चं आडनाव मार्चेन्को होतं. 1993 मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं.

माझ्या मते खटला कागदांवरच उभा करायला हवा होता. त्राव्निकी या, छावण्यांचे पहारेकरी तयार करणाऱ्या प्रशिक्षण तळाचं ओळखपत्र तेव्हाही हातात होतं: क्रमांक 1393, जन्म 3 एप्रिल 1920, वडिलांचं नाव, फोटो आणि 27 मार्च 1943 ला सोबिबोरला नेमणूक. ट्रेब्लिंकाचा त्यावर उल्लेखच नाही. बचाव पक्ष म्हणाला, केजीबीने बनवलेलं बनावट कार्ड आहे. एकच कार्ड असतं तर शंका रास्त होती. पण सोबिबोरला पाठवलेल्यांच्या यादीत तोच क्रमांक. ऑक्टोबर 1943 मध्ये जर्मनीतल्या फ्लोसेनब्युर्ग छावणीला पाठवलेल्यांच्या यादीतही तोच. आणि माझा आवडता कागद जानेवारी 1943 चा, मायदानेक या आणखी एका छावणीचा: टायफसमुळे बंदी असताना मीठ आणि कांदे आणायला छावणीबाहेर गेलेल्या चौघांना फटक्यांची शिक्षा, त्यांत हाच 1393. हे कागद एका कपाटातले नव्हेत. काही सोव्हिएत दप्तरांत होते, काही जर्मनीत. बनावट करणारा कांद्याची चोरटी खरेदी कशाला रचेल?

याच कागदांवर 2002 मध्ये अमेरिकेत त्याचं नागरिकत्व दुसऱ्यांदा गेलं. मे 2011 मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने 28,060 खुनांत साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षं दिली. अमुक माणसाला त्याने मारलं, असा पुरावा मागितला नाही. ज्या छावणीचं कामच मारणं होतं, तिथला पहारा म्हणजेच मदत, असं धरलं. मला हे पटतं. तो नाइलाजाने गेला, पकडलेले सोव्हिएत कैदी उपाशी मरत होते, हेही खरंच. पण त्राव्निकीतून पळून गेलेलेही होते.

अपील निकाली निघण्याआधीच, मार्च 2012 मध्ये, 91 व्या वर्षी तो बव्हेरियातल्या वृद्धाश्रमात वारला. जर्मन कायद्यात त्यामुळे ती शिक्षा अंतिम झालीच नाही. म्हणून ‘निर्दोष’वाले आजही मोकळे.