घाटासाठी ड्राय सम्प?

ताम्हिणी घाटातील वळणांवर तेल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, एका बाजूला सरकते, म्हणून जुन्या स्पोर्ट्‌स कारला ड्राय सम्प (तेल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवून तेथून पंपाने पुरवणारी रचना) बसवावाच, हे लेखातील विधान मला पटले नाही. पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येण्याचा धोका खरा आहे; पण तो प्रामुख्याने रेसिंगच्या टायरवर, लांब आणि वेगवान वळणात बराच वेळ टिकणाऱ्या बाजूच्या जोरामुळे उद्भवतो, आणि समोरून एसटी येत असताना ताम्हिणीत तसा वेग कोणी शहाणा माणूस ठेवत नाही. माझ्या एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मूळ सम्पमध्ये आडव्या पट्ट्या जोडून घेतल्यापासून वळणावर तेलाच्या दाबाचा काटा हललेला नाही.

लेखात मुळीच न आलेली बाब म्हणजे उभी राहणारी गाडी. आपल्याकडे अशा गाड्या बहुधा पावसाळाभर आच्छादनाखाली असतात, आणि ड्राय सम्पची टाकी पंपापेक्षा उंचावर असल्यास तेवढ्या काळात तेल पंपाच्या दात्यांमधील फटींतून झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरते. मग टाकी रिकामी दिसते, मालक वरून तेल ओततो आणि इंजिन सुरू होताच जादा तेल ब्रीदरमधून (इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर येते. म्हणूनच १९६४ पासून ड्राय सम्पसह आलेल्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये तेलाची पातळी इंजिन गरम व चालू असताना पाहतात. तेल झिरपण्यावर उपाय म्हणून टाकीपासून पंपाकडे येणाऱ्या नळीत झडप बसवणारे आहेत, परंतु ती बंदच अडकली तर पंपाला तेल मिळत नाही आणि बेअरिंगे काही क्षणांत जातात.