बादलीतलं कासव

रविवारी सकाळी विन्या कट्ट्यावर आला तो रंगाची जुनी बादली घेऊन. आत वीतभर पाणी आणि पाण्यात कासव. ताटलीएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा, मान वर करून आमच्याकडे बघतंय.

"चहा झाला की मुठेत सोडून येतो," विन्या म्हणाला. "सहा वर्षं सांभाळलं, आता टाकीत मावत नाही. शिवाय कासव सोडलं की पुण्य लागतं."

शमानं कप खाली ठेवला. ती बोलायच्या आधी कप खाली ठेवते तेव्हा आम्ही जरा सरकून बसतो.

"आणलंस कुठून हे?"

"मासेवाल्याकडनं. रुपयाएवढं होतं. एवढंच राहतं म्हणाला."

"हे रेड-इअर्ड स्लायडर. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. मुठेत सोडून त्याला घरी कसं पोचवणार आहेस?"

"पोचेल की! ते ओडिशाचं कासव नाही का आलं गुहागरला?"

ती बातमी सगळ्यांनीच वाचली होती. गुहागर नंदूचं आजोळ, त्यामुळे ०३२३३ हा बिल्ल्याचा नंबरसुद्धा त्याला पाठ आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावला आणि २०२५ च्या जानेवारीत बाई गुहागरच्या वाळूत अंडी घालायला हजर. नंदू हे असं सांगतो, जणू मामेबहीण माहेरी आली होती.

"ती ऑलिव्ह रिडले, समुद्रातली," शमा म्हणाली. "तिचे पाय म्हणजे वल्ही. याला बोटं आहेत, बोटांत पडदा आहे, हे तळ्यात-नदीत राहणारं. आणि तुझ्या साडूनं वास्तूसाठी आणलं होतं ते तारा कासव, त्याचे पाय हत्तीसारखे खांब. त्याला भक्तिभावानं तळ्यात सोडलं ना तुम्ही? ते जमिनीवरचं होतं विन्या. बुडालं असणार."

विन्याचा चेहरा उतरला. पण विन्या तो, क्षणात सावरला. "हे बघ, पाठीवर कवच, अंडी घालतं, म्हणजे कासव. कशाला फोडी करायच्या?"

माझ्या मते या एका शब्दानंच घोळ केलाय. जगात कासवांच्या साडेतीनशेच्या वर जाती, आणि आपण सगळ्यांना 'कासव' म्हणून मोकळे. देवळापुढच्या दगडी कासवाला नमस्कार करणारा माणूस नदीतलं कासव कोणतं, हे कधी विचारत नाही.

"अंडी घालतो म्हणून सगळे एक?" शमा म्हणाली. "बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपसही अंडी घालतो. आणि पिल्लांना दूध पाजतो."

"ते फोटोशॉप असतं."

"१७९९ साली लंडनमध्ये जॉर्ज शॉ या शास्त्रज्ञालाही संशय आला होता की कुणी बदकाची चोच शिवून पाठवलीय. पण त्यानं नीट तपासून मग लिहिलं. तू न तपासता फॉरवर्ड करतोस. प्लॅटिपस अंडी घालतो की नाही यावर पुढं पंच्याऐंशी वर्षं वाद चालला. १८८४ मध्ये कॉल्डवेल या शास्त्रज्ञानं ऑस्ट्रेलियातून तार केली तेव्हा मिटला."

"पंच्याऐंशी वर्षं!" नंदू म्हणाला. "चहाचे पैसे कोण देत होतं?"

"दूध पाजतो म्हणजे कसं?" विन्याला आता खरंच ऐकायचं होतं.

"आचळं नाहीतच. कातडीतून दूध पाझरतं, पिल्लं चाटतात. कांगारूचं पिल्लू तर जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं असतं. आईच्या केसांना धरत स्वतःच पिशवीपर्यंत चढतं आणि आत शिरलं की कित्येक महिने बाहेर येत नाही."

"विन्याच्या खिशात गेलेल्या नोटेसारखं," नंदू म्हणाला. "वेळासचे चारशे आठवतात का रे?"

झालं, वेळास निघालं. तीन वर्षांपूर्वीची कासव महोत्सवाची सहल. पेट्रोलची वर्गणी विन्यानं दिलेली नाही ती नाहीच. पण मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. संध्याकाळी टोपली उचलली, पिल्लं पाण्याकडे निघाली, आणि यानं व्हिडिओसाठी मोबाइलचा टॉर्च लावला. पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. दोन माघारी फिरली. गावातल्या कार्यकर्त्यानं याच्या हातातून मोबाइलच काढून घेतला. दीड फुटाच्या खड्ड्यात शंभरेक अंडी, पन्नासेक दिवस ऊब, त्या उबेवरच नर की मादी हे ठरणार. एवढं होऊन वर आलेलं पिल्लू, आणि त्याला आपण टॉर्च दाखवायचा? ते मी अजून विसरलेलो नाही, आणि तसं त्याला सांगितलंही.

"सॉरी म्हटलं होतं मी," विन्या पुटपुटला. "पण इथं कोणाचं काय बिघडतंय? या नदीत आहे काय?"

शमानं नदीकडे बोट केलं. "१८७२ साली ग्रे नावाच्या शास्त्रज्ञानं एका मऊ पाठीच्या कासवाची नोंद केली. लीथचं कासव. नमुना कुठला होता सांग. पुण्याचा. लांब नळीसारखं नाक, पाठीवर खवले नाहीत. मांसासाठी मारून मारून आता अतिसंकटग्रस्त यादीत गेलंय. दख्खनच्या नद्यांतलं आपलं कासव ते. आधीच एवढं उरलंय, त्यात त्याच्या अन्नावर तुझा हा अमेरिकन पाहुणा बसवतोस? जगातल्या सगळ्यांत त्रासदायक शंभर उपऱ्या जातींत याचं नाव आहे."

कुणीच बोललं नाही. चाळीस वर्षं मी या नदीकाठी बसतोय. आमच्या गावाच्या नमुन्यावरून जगाला कळलेलं कासव आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

"मग याचं करू काय?"

"घरी ने. मोठी टाकी घे, चढून बसायला कोरडा दगड ठेव, ऊन येऊ दे. हात लावला की पोरीला साबणानं हात धुवायला लाव. नाहीच जमलं तर प्राणी बचाव केंद्रात विचारू, मी येते बरोबर. पण नदीत नाही."

"जगतं किती?"

"नीट ठेवलंस तर तीस वर्षं."

विन्या बोटांवर मोजायला लागला. "म्हणजे पोरगी आता अकराची... तिचं लग्न होऊनसुद्धा?"

"रुखवतात मांड," नंदू म्हणाला. "टाकीसकट."

चहावाल्याच्या हातातलं गाळणं हलायला लागलं एवढा तो हसला. विन्याही हसत हसत बादली उचलून घराच्या दिशेनं निघाला, पाणी सांडवत, वाटेत दोनदा थांबून आत डोकावत. कोपऱ्यावर वळल्यावर नंदूच्या लक्षात आलं, चारशे पुन्हा राहिले.