‘फायबर कुजत नाही’ म्हणून जुनी होडी घेणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीपासून नागपुरातल्या अनेकांच्या मोबाईलवर एक संदेश फिरतो आहे. कोकणात वडिलोपार्जित घर असलेल्या, किंवा निवृत्तीनंतर वर्षातले चार-सहा महिने तिकडे काढून किनाऱ्यालगत थोडीफार मासेमारी करण्याचा विचार असलेल्या मंडळींना उद्देशून तो लिहिलेला आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: अठरा-वीस फुटी जुनी फायबरची होडी स्वस्तात मिळते, फायबर कुजत नाही, त्यामुळे होडी पाच वर्षांची की पंधरा वर्षांची याने फरक पडत नाही, लाकडी होडीच्या वाटेला जाऊ नये, सपाट तळाची होडी घ्यावी, ती उलटत नाही, इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू झाले की व्यवहार करून टाकावा, एवढ्या लहान होडीला कागदपत्रे लागत नाहीत, आणि समुद्र मानवला नाहीच, तर होडी ट्रकवर घालून नागपूरला आणावी, गोसीखुर्दच्या जलाशयात ती चालेल.

मी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या टाक्या आणि कूलरचे सांगाडे बनवण्याच्या व्यवसायात बावीस वर्षे आहे. पत्नीचे माहेर देवगड तालुक्यातले, आणि माझे मेहुणे स्वतः होडीवर जातात. प्रतापनगरातले आमचे एक शेजारी हा संदेश घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी केवळ चित्रफीत पाहून एका होडीसाठी विसाराची रक्कम देऊनही टाकलेली होती. त्यांच्याबरोबर जाऊन मी ती होडी पाहिली. तिथे जे दिसले त्यामुळे या संदेशातल्या एकेका विधानाचे उत्तर लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण यात लोकांची निवृत्तीची पुंजी आहे आणि पाण्यावर गेल्यावर जीवही आहे.

‘फायबर कुजत नाही’ हे विधान प्रथम घेतो, कारण बाकीचा सगळा संदेश त्याच्यावरच उभा आहे. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे थर लाकडासारखे कुजत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु होडी नुसत्या फायबरची नसते. मागच्या बाजूचा जो आडवा पाट, ज्यावर आउटबोर्ड इंजिन अडकवतात आणि ज्याला ट्रान्सम म्हणतात, तो बहुतेक लहान होड्यांमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये प्लायवूड घालून केलेला असतो. तळाला बळकटी देणाऱ्या आतल्या लांब पट्ट्यांतही पुष्कळदा लाकूडच असते. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढण्याचे भोक, दोर बांधण्याच्या कड्यांचे स्क्रू, अशा प्रत्येक छिद्राभोवतीचा लेप कालांतराने सुटतो आणि तिथून पाणी आत शिरते. शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून उघड्यावरच्या लाकडापेक्षा हे कोंडलेले लाकूड लवकर जाते. आमच्याच धंद्यातले उदाहरण सांगतो. कूलरच्या टाकीत बळकटीसाठी लाकडी पट्टी घालून वर फायबर चढवले आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिले, तर काही उन्हाळ्यांत त्या पट्टीचा भुगा होतो, आणि टाकी बाहेरून मात्र चकचकीत दिसत राहते. आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लाय वापरले असेल तर ते अधिक टिकते, पण पाणी कोंडले तर तेही कायमचे टिकत नाही, आणि आत कोणते प्लाय आहे हे रंगावरून कळत नाही.

हे ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला फार साधने लागत नाहीत. लहान हातोडीच्या दांड्याने ट्रान्सम इंचाइंचावर ठोकून पाहावा. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला किंवा थर सुटलेला भाग बद्द वाजतो, आणि हा फरक मडके वाजवून घेणाऱ्या कोणालाही ऐकू येतो. मग इंजिन थोडे वर उचलून त्याचा खालचा पाय हाताने दाबावा आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाने ट्रान्समकडे पाहावे. पाट लवत असेल, किंवा दोन्ही कोपऱ्यांतल्या बारीक भेगा उघडत-मिटत असतील, तर आतले लाकूड गेले आहे. मालकाची परवानगी घेऊन खालच्या बाजूचा एक स्क्रू काढून पाहता आला तर उत्तमच; भोकातून तपकिरी पाणी किंवा ओला भुसा आला की आणखी पुरावा नको. शेजाऱ्यांनी विसार दिलेल्या होडीचा ट्रान्सम डावीकडे पार बद्द वाजत होता. त्यावर महिन्याभरापूर्वीचा ताजा निळा रंग होता. असा ट्रान्सम दुरुस्त करता येत नाही असे नाही. आतला थर कापून, सगळे कुजके लाकूड काढून, नवे प्लाय बसवून पुन्हा थर चढवावे लागतात. पण हे काम होडीच्या किमतीत धरले पाहिजे, आणि ते केल्याशिवाय पाण्यात जाता कामा नये, कारण इंजिनासकट पाट सुटला तर मागून आत येणारे पाणी बादलीने उपसून संपत नाही.

फायबरविषयी आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. बाहेरचा गुळगुळीत थर, म्हणजे जेलकोट, पूर्णपणे जलरोधक नसतो. वर्षानुवर्षे पाण्यातच नांगरून ठेवलेल्या होडीत पाणी त्यातून सूक्ष्म प्रमाणात आत जाते, रेझिनमधल्या विरघळणाऱ्या घटकांशी मिसळते आणि तळावर फोड येतात. असा फोड फोडला तर आतल्या द्रवाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. थोडे फोड म्हणजे होडी टाकाऊ झाली, असे मी म्हणणार नाही, आणि रोज वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीत हा दोष कमी आढळतो. पण तळभर फोड असतील तर ‘जुनी-नवी सारखीच’ हे म्हणणे तिथेच संपते. दुसरी गोष्ट तळाच्या पोकळीत भरलेल्या फोमची. होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून तो भरलेला असतो, पण वर्षे लोटली की तोच पाणी धरून बसतो आणि मग तरंगवण्याचे काम सोडून वजन वाढवतो. रिकामी होडी पाण्यात सोडून ती जुन्या पाणरेषेपेक्षा खाली बसते का, एका बाजूला कलते का, हे पाहिले की याचा अंदाज येतो.

लाकडी होडीला संदेशाने एका वाक्यात निकालात काढले आहे, ते मला अन्यायाचे वाटते. लाकडी होडीला दरवर्षी तेलपाणी करावे लागते, सांधे बुजवावे लागतात, आणि खाऱ्या पाण्यातली लाकूड पोखरणारी कीड तिचा पिच्छा सोडत नाही, हे सगळे खरे आहे. पण तिचा दोष चाकूच्या टोकाला कळतो. फळी टणक आहे की मऊ, हे पाच मिनिटांत समजते आणि गेलेली एक फळी बदलता येते. ज्याच्या गावात अजून सुतार आहे आणि जो वर्षातले आठ महिने तिथे राहणार आहे, त्याच्यासाठी सागाची जपलेली होडी रंग दिलेल्या कुजक्या फायबरपेक्षा चांगली. नागपुरातून वर्षातून दोनदा जाणाऱ्याने मात्र ती घेऊ नये.

आता ‘सपाट तळाची होडी उलटत नाही’ या विधानाकडे येतो. अंबाझरीत किंवा खिंडसीला नौकाविहार केलेल्या माणसाला ते पटकन पटते, कारण संथ पाण्यात सपाट तळाच्या होडीत उभे राहिले तरी ती फारशी हलत नाही. परंतु सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर राहू पाहतो. पाणी आडवे आहे तोवर होडी आडवी, आणि लाटेमुळे पाणीच तिरके झाले की होडीही तेवढीच तिरकी. शिवाय समोरून येणाऱ्या लाटेवर असा तळ आपटतो, आणि ते आपटणे तासभर चालले तर माणसाची पाठ आणि होडीचे सांधे दोन्ही खिळखिळे होतात. खाडीच्या आत, कांदळवनाच्या आडोशाला, उथळ पाण्यात जाळे किंवा गरी टाकायची असेल तर सपाट तळासारखी सोय नाही. समुद्रात जायचे असेल तर नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता होत गेलेला तळ आणि पाण्यावर पुरेशी उंच राहणारी कड, या दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडच्या अरुंद होड्यांना बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका, बांधण्याची पद्धत आहे, तीही याच गरजेतून आलेली आहे.

इथे खाडीच्या मुखाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण नागपूरकराला तो धोका डोळ्यांनी पाहूनही कळत नाही. पुष्कळ खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. तिथे पाणी उथळ होते, म्हणून बाहेरून शांत वाटणारी लाट तिथे उभी राहते आणि फुटते. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना ती आणखी उंच होते. परत येताना अशी लाट होडीचा मागचा भाग उचलते, नाळ पाण्यात खुपसली जाते, होडी आडवी फिरते, आणि आडव्या होडीवर पुढची लाट आली की ती उलटते. तळ कसाही असला तरी हे घडू शकते. म्हणून होडी निवडण्यापूर्वी ती कोणत्या खाडीतून बाहेर काढायची आहे हे ठरवावे, तिथल्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाला, विचारावे, आणि लाइफ जॅकेट होडीत ठेवून न देता अंगावर घालावे.

‘इंजिन एका झटक्यात सुरू झाले की झाले’ हे विधान विकणाऱ्याच्या सोयीचे आहे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी अर्धा तास इंजिन चालवून ठेवले तर ते सुरू होणारच; म्हणून पोहोचल्याबरोबर आधी इंजिनाला हात लावून ते गार आहे ना हे पाहावे. सुरू झाल्यावर मागच्या बारीक नळीतून थंड करणाऱ्या पाण्याची धार सलग येते का, हे पाहावे. ती क्षीण असेल तर पंपाचे रबरी चक्र झिजले आहे किंवा आतले मार्ग मिठाने चोंदले आहेत. खालच्या गिअरचे तेल थोडे काढून पाहावे, कारण ते दुधाळ निघाले तर सीलमधून पाणी आत गेलेले आहे. एकाहून अधिक सिलिंडर असतील तर मेकॅनिककडून प्रत्येकातला दाब मोजून घ्यावा. दाब थोडा कमी असणे समजू शकते, पण सिलिंडरांमध्ये मोठी तफावत असणे समजू शकत नाही. खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी आपण झिजावा म्हणून जस्ताचा जो तुकडा बसवतात, तो आहे का आणि किती उरला आहे, यावरून मालकाने इंजिनाची किती काळजी घेतली हे दिसते. पायाची लांबी ट्रान्समच्या उंचीला जुळते का, हेही मोजावे. पंधरा इंची आणि वीस इंची असे दोन पाय सर्रास मिळतात आणि चुकीचा पाय बसवलेली होडी सर्रास विकली जाते. एवढे झाल्यावर माणसे बसवून, भार घालून, किमान अर्धा तास पाण्यात चालवावी.

‘लहान होडीला कागद लागत नाहीत’ या विधानाने माणूस पोलिसांच्या दारात उभा राहू शकतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे, आणि किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या राज्याच्या हद्दीत मासेमारी नौकेला परवाना लागतो. नौकांची नोंदणी आता ‘रियलक्राफ्ट’ या राष्ट्रीय प्रणालीवर होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्लेखोर अपहरण केलेल्या मासेमारी नौकेच्या आधारेच मुंबईपर्यंत आले, त्यानंतर नौकांचे क्रमांक, रंग आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांकडे किनाऱ्यावरचे पोलीस आणि तटरक्षक दल फार काटेकोरपणे पाहतात. म्हणून होडीवरचा क्रमांक, नोंदणीवरचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक जुळतात का हे पाहावे, आणि आपल्या नावावर हस्तांतर होईल का हे त्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात पैसे देण्यापूर्वी विचारावे. १ जून ते ३१ जुलै या काळातली पावसाळी मासेमारीबंदी बिगरयांत्रिक पारंपरिक होडीला लागू नाही, परंतु त्याच होडीला इंजिन लावले की ती लागू होते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

होडी नागपूरला आणण्याच्या सल्ल्यावर फार लिहीत नाही. आठशे किलोमीटरहून अधिक वाहतूक, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत लाकडी होडीच्या उघडणाऱ्या फटी, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असल्यामुळे थोडी अधिक बुडणारी होडी, हे सगळे सोसले तरी जलाशयातली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तोतलाडोह तर पेंच व्याघ्र प्रकल्पात असल्याने तिथे मासेमारीला बंदीच आहे. धीवर बांधवांच्या हक्काच्या पाण्यात कोणी हौसेने होडी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेजाऱ्यांनी विसारावर पाणी सोडले. आता मेहुण्यांनी त्यांच्यासाठी दुसऱ्या होडीचा करार दोन टप्प्यांत करून दिला आहे. बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या असतात, तेव्हा तळ उघडा मिळतो. त्यामुळे हातोडी, चाकू आणि कागद यांची तपासणी जूनमध्ये होईल आणि त्या वेळी किमतीचा तिसरा हिस्सा द्यायचा. उरलेली रक्कम नारळी पौर्णिमेनंतर, होडी पाण्यात घालून, गार इंजिन सुरू करून आणि खाडीच्या मुखाच्या आतच अर्धा तास फिरवून झाल्यावर. विकणाऱ्याने दोन्ही अटी कागदावर मान्य केल्या आहेत.